सगळ्यांना आवडणारे गेम मला दहा तासांत कंटाळवाणे का वाटतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की सगळे ज्याला मास्टरपीस म्हणतात तो गेम तुम्ही हौसेने घेता, पहिले तीन-चार दिवस झोपेचं खोबरं होतं, आणि दहा-बारा तास झाले की तोच गेम उघडायचासुद्धा कंटाळा येतो. मग वाटतं वय झालं, किंवा आपल्याला गेममधलं काही कळतच नाही. आणि शेवटी विचारलंय की इतक्या वर्षांतले माझे आवडते कोणते आणि निराशा करणारे कोणते.

यादी देते, पण नुसत्या यादीने तुमचं भागणार नाही, कारण माझ्या आवडत्यांपैकी निम्मे गेम तुम्ही तासाभरात बंद कराल आणि त्यात तुमची काही चूक नसेल. खरा प्रश्न मला वेगळा वाटतो. गेम वाईट आहे म्हणून कंटाळा येतोय, का गेमने सुरुवातीला मधाचं बोट लावून नंतर तुम्हाला पाट्या टाकायला बसवलंय, हे ओळखायचं कसं?

आधी सांगून टाकते की यात बरंच परिस्थितीवर आहे. रोज चार तास खेळणाऱ्याचा आणि रात्री सगळं आवरून पाऊण तास मिळणाऱ्याचा गेम एकच असला तरी अनुभव एक नसतो. पाऊण तासातली वीस मिनिटं नुसता घोडा दामटण्यात जात असतील तर तो गेम तुम्हाला कंटाळवाणाच वाटणार, आणि रविवारी सलग बसणाऱ्याला तोच घोडा दामटणं म्हणजे सुख. तुम्ही गेम कधी घेतलात यावरही आहे, कारण हल्ली रिलीजच्या दिवशीचा गेम आणि दोन वर्षांनंतरचा गेम हे कधीकधी दोन वेगळे गेम असतात. त्यामुळे मी खाली जे म्हणतेय ते माझ्या हातांचं आणि माझ्या वेळेचं मत आहे.

मी लहानपणापासून खेळतेय, आणि गेली बरीच वर्षं कामही हेच, आधी टेस्टिंग आणि मग लेव्हल डिझाइन, म्हणजे गेममधला एकेक टप्पा आखणं. या कामात एक गोष्ट फार करावी लागते, बाहेरच्या माणसाला बोलावून गेम खेळायला बसवायचं आणि आपण मागे खुर्ची टाकून तोंड बंद ठेवून बघायचं. तोंड बंद ठेवणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग. एकदा एका लेव्हलमध्ये मी धबधबा केला होता, जीव ओतून, पाण्यावरचा उजेड, मागे दडलेली वाट, सगळं. खेळायला आलेली मुलगी त्याच्या शेजारून धावत गेली आणि तिने मान वर केली नाही. मला आधी राग आला, मग मी तिचे डोळे बघितले तर ते पूर्ण वेळ स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या छोट्या मॅपवर, तिथल्या ठिपक्यांच्या रेघेवर. आम्हीच ती रेघ दिली होती! एवढं मोठं जग बांधायचं आणि खेळणाऱ्याला चार बोटांच्या गोलात कोंडायचं. पुढच्या वेळी रेघ काढून टाकली आणि धबधब्याच्या बाजूला एक दिवा लावला. पुढच्या माणसाला दुप्पट वेळ लागला, दोनदा चुकला, आणि उठताना म्हणाला की ही लेव्हल छोटी वाटली.

तेव्हापासून मी गेम जोखायला एकच प्रश्न वापरते. गेल्या अर्ध्या तासात मी ठरवलं काय? म्हणजे बटणं किती दाबली ते नाही, कुठे जायचं, थांबायचं का पळायचं, हे हत्यार का ते, असं स्वतःचं डोकं वापरून काय ठरवलं. हात चालू आणि डोकं रजेवर, असं सलग दोन-तीन दिवस झालं की समजायचं घोडं इथेच पेंड खातंय.

आता आवडत्यांकडे वळते.

पहिला प्रिन्स ऑफ पर्शिया, १९८९ चा. लहानपणचं प्रेम म्हणून नाही म्हणत, अजूनही खेळते. जॉर्डन मेकनरने आपल्या भावाला धावता-उड्या मारताना व्हिडिओत पकडलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं, म्हणून तो राजपुत्र माणसासारखा धावतो, आणि माणसासारखाच एकदम थांबू शकत नाही, घसरत दोन पावलं पुढे जातो. त्या दोन पावलांत सगळा गेम आहे. खाली सुळे असतील का, कडेपर्यंत धावत जायचं का शिफ्ट दाबून जपून एकेक पाऊल टाकायचं, आणि डोक्यावर साठ मिनिटांचं घड्याळ, त्यामुळे प्रत्येक वेळी जपून चाललात तरी मेलात. प्रत्येक उडी हा निर्णय. आणि त्यातला तो सावलीसारखा माणूस आठवतो का, आरशातून उडी मारल्यावर आपल्यातूनच बाहेर पडतो आणि पुढे आपलं औषध पिऊन टाकतो, दार लावून घेतो? तो आला कारण ॲपल टू कॉम्प्युटरच्या मेमरीत आणखी एका नव्या पात्राची चित्रं मावत नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रं थोडी सरकवून एकावर एक टाकली आणि त्यातून हा भुताटकीसारखा दिसणारा जुळा तयार झाला. शेवटी त्याच्याशी लढायला गेलात की त्याला मारलेला घाव तुम्हालाच लागतो, तलवार म्यान करावी लागते. मेमरी भरपूर असती तर आणखी एक पहारेकरी मिळाला असता, बास.

दुसरा डार्क सोल्स, २०११. याच्याबद्दल लोक फक्त अवघड अवघड करतात आणि माझ्या मते तिथेच गंडतात. अवघड तर भरपूर गेम असतात. मला जे लक्षात राहिलं ती एक लिफ्ट आहे. फायरलिंक श्राइनपासून निघायचं, अनडेड बर्गमधून वर वर चढत मार खात जायचं, वाटेत शेकोटी, म्हणजे विसाव्याची जागा, दिसली की हायसं वाटतं, पुन्हा वर, आणि तासन्‌तास झाल्यावर आपण घरापासून किती लांब आलोय असं वाटायला लागतं. मग एका चर्चमध्ये एक लिफ्ट सापडते, उगाच पाय ठेवता, ती खाली खाली खाली जाते, आणि दार येतं ते फायरलिंकमध्ये. जिथून निघालो तिथेच! मी कंट्रोलर मांडीवर ठेवून नुसती बसले होते. लांब वाटत होतं ते जग खरं तर उभं रचलेलं होतं, आणि ते मला कुठल्या मॅपने सांगितलं नाही, कारण त्या गेममध्ये मॅपच नाही. आणि अर्ध्या गेमपर्यंत एका शेकोटीवरून दुसऱ्या शेकोटीवर उडी मारून जायची सोयही नाही, त्यामुळे वाटा पाठ होतात. जवळ हजारो सोल्स, म्हणजे मेलात की हातची जाणारी कमाई, आहेत, औषधाची एकच बाटली उरलीय, पुढे धुकं आहे, आता परत फिरायचं का रेटायचं, हे दर दहा मिनिटांनी ठरवावं लागतं. बाकी त्याचा शेवटचा भाग घाईत उरकलेला आहे हे मान्य, लॉस्ट इझालिथ हा भाग आणि तिथला तो बॉस, म्हणजे शेवटचा मोठा शत्रू, मला अजिबात आवडत नाही, तिथे मी शिव्या घालतच जाते.

तिसरा आउटर वाइल्ड्स, २०१९, आणि याच्याबद्दल मुद्दाम कमी सांगते. एक छोटी सूर्यमाला, बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो, तुम्ही मरता आणि पुन्हा शेकोटीपाशी जागे होता. नवं हत्यार नाही, पॉइंट नाहीत, कुठलं कुलूप लेव्हल वाढवून उघडत नाही. तुम्हाला मिळतं ते फक्त ज्ञान. ज्याला सगळं माहीत आहे तो अर्ध्या तासाच्या आत शेवट गाठू शकतो, आणि ज्याला माहीत नाही त्याला वीस-पंचवीस तास लागतात. एक ग्रह वाळूने भरत जातो आणि शेजारचा त्याच वाळूने रिकामा होतो, म्हणजे कुठे जायचं एवढंच नाही, कधी जायचं हेही तुम्हीच ठरवायचं. गेम तुम्हाला हाताला धरून कुठे नेत नाही. मला पहिल्या दिवशी हा गेम रटाळ वाटला होता हेही कबूल करते, दुसऱ्या दिवशी एका ग्रहाच्या पोटात पडले आणि मग आठवडाभर ऑफिसमध्ये माझं लक्ष नव्हतं.

सेलेस्ट, २०१८, हा माझ्या स्वतःच्या नियमात बसत नाही. त्यात ठरवायचं फार काही नसतं, उडी मारायची, मरायचं, पुन्हा उडी मारायची. पण तो हातांशी इतका प्रामाणिक आहे की काय सांगू. खरं तर प्रामाणिक नाही, तुमच्या बाजूने खोटं बोलतो. कडेवरून पाय सुटल्यावरही काही फ्रेमपर्यंत तुमची उडी मान्य करतो, जमिनीला टेकायच्या किंचित आधी बटण दाबलं तर ते लक्षात ठेवून टेकल्यावर उडी मारतो, डोकं कोपऱ्याला घासलं तर हळूच बाजूला सरकवून जाऊ देतो. हे करणाऱ्यांनी स्वतःच नंतर सगळं उघड सांगितलंय. सेकंदाच्या साठाव्या भागाचे हे लाड असतात, खेळताना कळत नाहीत, फक्त मेलात की वाटतं चूक माझीच होती. आणि चूक माझी वाटली की माणूस पुन्हा खेळतो, गेमची वाटली की बंद करतो. सोप्पं गणित.

जाता जाता, असलं न बोलता शिकवणं नवीन नाही. १९८५ च्या सुपर मारिओची पहिली लेव्हल घ्या, मशरूम ठोकळ्यातून निघतं, उजवीकडे जातं, पाइपला आपटून परत तुमच्याकडेच येतं. घाबरून पळालात तरी ते बहुतेक अंगावर येतंच आणि कळतं की हे खायचं असतं. एक अक्षर न लिहिता. हल्ली पहिल्या तासात वीस खिडक्या उघडून वाचायला लावतात.

आता निराशा. इथे मी तीन वेगळे प्रकार करते कारण लोक सगळं एकाच पोत्यात भरतात.

एक, ज्यात कल्पनाच आतून पोकळ होती. माझ्यासाठी स्पोर, २००८. सिमसिटी आणि सिम्स करणारा विल राइट, एका पेशीपासून आकाशगंगेपर्यंतचा प्रवास, मी तर तीन वर्षं वाट बघत होते. गेमच्या आधी प्राणी बनवायचा भाग वेगळा आला होता, त्यात मी सहा पायांचा, मान उंच, मागे शेपटी आणि शेपटीला डोळा असला प्राणी केला, तासभर घालवला, आणि तो चालायला लागला तेव्हा टाळ्या पिटल्या. मग खरा गेम आला. आणि कळलं की सहा पाय असोत का दोन, वेग ठरतो तो कुठल्या जातीचं पाऊल लावलंय त्यावर. पाय किती, कुठे, लांब का आखूड, काही फरक नाही. जो निर्णय मला सगळ्यात आवडला होता तो नुसती वेशभूषा निघाला. पुढचे टप्पे म्हणजे दुसऱ्याच चांगल्या गेमची लहान मुलांची आवृत्ती, टोळीचा टप्पा तर मी दुसऱ्यांदा खेळूच शकले नाही. वाईट गेम आहे का? नाही हो. प्राणी बनवायचं ते यंत्र आजही थक्क करतं. फक्त त्याच्याभोवती गेम नव्हता.

याच जातीचं दुसरं उदाहरण डायब्लो थ्री. २०१२ ला आला तेव्हा त्यात लिलावघर होतं, दुसऱ्यांना सापडलेली हत्यारं विकत घ्यायची सोय. कागदावर मस्त. पण त्या गेमचा सगळा जीव राक्षस मेल्यावर खाली काय पडतं या धाकधुकीत, आणि बाजारात जाऊन दोन मिनिटांत त्याहून चांगली तलवार मिळत असेल तर राक्षस मारायचा कशाला? मी खेळण्यापेक्षा भाव बघत बसायला लागले. मार्च २०१४ मध्ये त्यांनी स्वतःच ते लिलावघर बंद केलं आणि मग गेम कुठल्या कुठे सुधारला.

दोन, ज्याने शेवटी घात केला. मास इफेक्ट थ्री, २०१२. तीन गेमभर, माझे तर शंभराच्या वर तास, कोणाला वाचवलं कोणाला मरू दिलं याचा हिशोब ठेवला, आणि शेवटी जवळजवळ एकाच चित्रफितीचे वेगवेगळे रंग. लोक चिडले, तीनेक महिन्यांत वाढीव शेवट फुकट आला, थोडं बरं वाटलं. पण आता लांबून बघते तेव्हा वाटतं की शेवटची दहा मिनिटं सोडली तर त्या गेममध्ये दर तासाला ठरवायला काहीतरी होतंच, तेव्हा त्याला निराशेच्या यादीत टाकणं थोडं कृतघ्नपणाचंच आहे. टाकलंय तरी, कारण जखम खरी होती.

तीन, ज्यात बोलणं मोठं आणि हातात आलेलं अर्धकच्चं. नो मॅन्स स्काय, ऑगस्ट २०१६, अठरावर अठरा शून्यं इतके ग्रह. पहिला ग्रह जादू, पाचवा छान, विसाव्याला कळलं की मी प्रत्येक ठिकाणी तेच करतेय, दगड फोड, टाकी भर, पुढे. सायबरपंक २०७७ ची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, डिसेंबर २०२० मध्ये जुन्या कन्सोलवर इतका फुटका होता की सोनीने आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढला आणि पुढच्या वर्षी जूनमध्येच परत घेतला. पण या दोन्ही गेमनी नंतर वर्षानुवर्षं काम केलं, पहिल्याला २०१८ मध्ये नीट मल्टिप्लेअर मिळालं आणि अजूनही फुकट भर पडतेय, दुसऱ्याची कौशल्यांची पद्धत २०२३ च्या टू पॉइंट झिरो अपडेटमध्ये पार बदलली. मी दोन्ही परत खेळले. सायबरपंक आता मला मनापासून आवडतो. नो मॅन्स स्काय खूप भरलेला झालाय, तरी माझ्या हातांना अजून तसाच लागतो, आणि इथे पुन्हा तुमचं-माझं वेगळं असू शकतं, माझी एक मैत्रीण त्यात नुसती घरं बांधत बसते आणि सुखात आहे.

चौथा प्रकारही आहे, जिथे चूक माझी होती. शॅडो ऑफ द कोलोसस, २००५. सोळा महाकाय प्राणी, बाकी शत्रूच नाहीत, मोकळं रान. मला त्यातला घोडा ॲग्रो ऐकतच नाही असं वाटायचं, मी स्टिक पिळत बसायचे, कंट्रोल भंगार म्हणून दुसऱ्या दिवशी ठेवून दिला. काही वर्षांनी परत घेतला आणि एका अरुंद पुलावर कंटाळून स्टिक सोडून दिली, तर तो घोडा आपणहून वाट धरून गेला. मी गाडी चालवत होते, आणि ते जनावर होतं. त्याला फक्त टाच मारायची आणि विश्वास ठेवायचा. पहिल्यांदा खेळले तेव्हा मी रेसिंग गेममधून थेट इकडे आले होते, हात तिकडचेच होते.

आता एक खासगी कसोटी सांगते, गंमतशीर आहे पण मला कधी चुकलेली नाही. एका मोठ्या ओपन वर्ल्ड गेममध्ये, म्हणजे मोकळ्या जगात हवं तिकडे फिरायच्या गेममध्ये, नाव घेत नाही, चौतीस तासांवर माझी सेव्ह फाइल करप्ट झाली. सगळं गेलं. आणि माझ्या तोंडून काय निघालं माहितीये? सुटले! मीच दचकले. चौतीस तास मी मजा येतेय म्हणून नव्हते खेळत, झालेत एवढे तर संपवू म्हणून खेळत होते. तेव्हा तुम्ही अडकलाय तो गेम मनात आणा आणि विचारा, आज रात्री सेव्ह उडाली तर हळहळ वाटेल का हायसं? हायसं वाटणार असेल तर सेव्ह उडायची वाट बघू नका.

त्याच वेळी हेही सांगायला हवं की डोकं रजेवर पाठवणं नेहमी वाईट नसतं. मी स्वतः दमून आले की युरो ट्रक सिम्युलेटर टू लावते आणि तासभर ट्रक हाकते, काहीही ठरवत नाही, आणि तो माझ्या सगळ्यात जास्त तास झालेल्या गेमपैकी आहे. स्कायरिममध्ये दीडशे तास झाले, मुख्य कथा आजवर संपवलेली नाही, आणि तक्रारही नाही. फरक एवढाच की तिथे रजा मी घेतलेली असते.

तुमच्यापुरतं बोलायचं तर तुम्ही लिहिलंय की बहुतेक गेम मोठे ओपन वर्ल्ड होते आणि रात्री तासभरच मिळतो. मग आधी एक साधा प्रयोग करा. विचर थ्री तुमच्याकडे अर्धवट पडलाय असं म्हणालात, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन छोटा मॅप बंद करा आणि मोठ्या मॅपवरच्या प्रश्नचिन्हांकडे बघूही नका, विशेषतः स्केलिगच्या समुद्रातल्या, ती पेटारे गोळा करायची हमाली आहे. फक्त माणसांनी दिलेली कामं करा, रस्ता पाट्या बघून शोधा. चार रात्री द्या. तरी गेला नाही कंटाळा तर खुशाल काढून टाका, तो ब्लडी बॅरनचा भाग मात्र त्याआधी होऊन जाऊ द्या.

आणि मोठे गेम थोडे दिवस बाजूला ठेवा. पोर्टल, २००७ चा, तीन-चार तासांत संपतो आणि त्यात एक मिनिट फुकट नाही. रिटर्न ऑफ द ओब्रा डिन, २०१८, एका जहाजावरच्या साठ लोकांचं काय झालं ते शोधायचं, तीन-तीनच्या गठ्ठ्याने उत्तर बरोबर आलं की सांगतो, तासभराच्या बैठकीला एकदम फिट, पण जवळ कागद-पेन ठेवा. आउटर वाइल्ड्स घ्याल तेव्हा ट्रेलर बघू नका, कुठे अडलात तर व्हिडिओ शोधू नका, जहाजातली नोंदवही उघडा आणि ज्या नोंदीपुढे अजून शोधायचं बाकी आहे असं लिहिलंय तिथे जा. पहिल्या दिवशी रटाळ वाटेल, दुसऱ्या दिवशीही उघडा. तिसऱ्या दिवशीही तसंच वाटलं तर इथे येऊन मला सांगा, मी वेगळं काहीतरी सुचवते.